माझ्या मताचा अरुंद कागद

सत्तावीस वर्षे मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवले, आणि त्याच सत्तावीस वर्षांत, दर मार्चमधल्या गावनिवडणुकीला, माझे गुप्त मत माझ्या बायकोने दिले. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे हे माझ्या एकाही विद्यार्थ्याला कधी जाणवले नाही. मी कसा शिकवत असेन याचा अंदाज त्यावरून बांधावा. मलाही ती फारशी टोचत नव्हती. दृष्टी नसलेल्या माणसाची इतकी कामे दुसऱ्यांच्या हातांनी होतात की, त्यांतले नेमके आपले कोणते होते याचा हळूहळू विसर पडतो.

पद्धत ठरलेली होती. चर्चच्या तळघरात, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, आम्ही दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहायचो. मार्लिस नावे वाचायची. ती चर्चच्या गायकवृंदात चाळीस वर्षे पहिल्या ओळीत उभी राहिलेली बाई. तिची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत पोचते. "डेलमार ना?" ती विचारायची. वाक्याला प्रश्नचिन्ह असायचे, पण केवळ सभ्यतेपुरते. डेलमार किटलसन हा तिचा थोरला भाऊ, आणि आमच्या केटल लेक गावाच्या पंचमंडळाचा गेली अठरा वर्षे प्रमुख. मी "हो" म्हणायचो. मग पेनाने गोल भरल्याचा बारीक आवाज यायचा. कोणता गोल भरला गेला हे फक्त मार्लिस आणि परमेश्वर जाणत, आणि त्या दोघांवर अविश्वास दाखवण्याची पद्धत आमच्या मिनेसोटात नाही.

या वर्षी मात्र मला "नाही" म्हणायचे होते.

कारण अगदी लहान आहे, कमरेइतके उंच. बर्फ हटवणारी गाडी रस्ता साफ करते आणि सगळा बर्फ फुटपाथवर लोटते. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी डिसेंबरपासून मार्चपर्यंत त्याचा एक बांध उभा असतो. जानेवारीत वाचनालयाकडे जाताना मी त्या बांधावरून पलीकडे कोसळलो आणि वीस मिनिटे पडून राहिलो. बर्फात पडलेल्या माणसाला जगाचा आवाज फार लांबून येतो. आपल्याशिवायही ते नीट चालले आहे, असे वाटत राहते. शेवटी डेलमारच्याच पिकअपचे इंजिन ओळखू आले. त्याने मला उचलले, झटकले, आणि मनापासून कळवळून म्हणाला, "अरे आयनार, फोन करायचास ना! मी सोडलं असतं. हिवाळ्यात चालतं का कुणी?"

आणि तो खरेच सोडतो. दंतवैद्याकडे, न्हाव्याकडे, दोनदा तर शंभर मैलांवर डुलुथच्या इस्पितळात. अशा माणसाला, मला गाडी नको आहे, रस्ता हवा आहे, हे कोणत्या तोंडाने सांगावे? त्याच्याविरुद्ध उभी होती रोझॅन पेल्टो, शाळेची बस चालवणारी. तिचे आश्वासन एकच: आधी फुटपाथ, मग रस्ता. ते ऐकले त्याच क्षणी माझे मत ठरले. आणि डेलमार दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतो, हेही त्याच क्षणी आठवले.

चर्चच्या तळघरात बोलके यंत्र आहे, हे मला ठाऊक होते. कानाला हेडफोन लावायचा, यंत्र नावे वाचते, आपण बटण दाबायचे, यंत्र कागद छापून देते. मधे कुणी नाही. रविवारी जेवून डेलमार गेल्यावर मी विषय काढला.

"मार्लिस, या वेळी मी यंत्रावर मत देईन म्हणतो."

बशी विसळण्याचा आवाज थांबला. "का रे?"

"गुप्त असतं म्हणून."

"माझ्यापासून?"

"सगळ्यांपासून."

"सगळ्यांत मी येते?"

या प्रश्नाला नागरिकशास्त्रात उत्तर आहे, संसारात नाही. तिने तीच बशी पुन्हा, बराच वेळ विसळली, आणि शेवटी म्हणाली, "बरं. वेगळंच आहे."

आमच्याकडे लोक शिव्या देत नाहीत. ओव्हनमध्ये करपलेली मांस-बटाट्याची हॉटडिश, शेजाऱ्याने जांभळे रंगवलेले गॅरेज, घरातून पळून गेलेली सून, या सर्वांना आम्ही "वेगळं आहे" एवढेच म्हणतो. त्याहून जहाल शब्द आमच्याजवळ नाही. त्या दुपारी माझ्या संसारात तो पहिल्यांदा उच्चारला गेला.

सोमवारपर्यंत गावाला कळले. कसे कळले ते विचारू नये. आमच्या गावात बातमीला वाहन लागत नाही. विमा कंपनीतून निवृत्त झालेला शेजारी हार्लन फॉस कुंपणापाशी आला. या गृहस्थाने आयुष्यभर लोकांना संकटांची यादी वाचून दाखवली, आणि ती सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

"पोस्टानं मत दे की."

"कागद मला वाचता येत नाही, हार्लन."

"मार्लिस वाचेल."

"तेच तर नको आहे."

"हं," हार्लन म्हणाला. त्या "हं"मध्ये मी पुरता उघडा पडलो. "म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे."

"लपवण्यासारखं असो नसो, लपवण्याचा हक्क आहे!"

"आहे ना, आहे. नाही कोण म्हणतंय? पण ज्याचं मत डेलमारला आहे, तो कशाला लपवेल?"

हा पेच मला आधी सुचला नव्हता. ज्याला डोळे आहेत तो आडोशामागे गेला की ती रीत. मी जायचे म्हटले की तो कट. गुप्तता मागितली त्या घटकेलाच अर्धी फुटली होती. उरलेली अर्धी वाचवण्यासाठी मंगळवारी संध्याकाळी साडेपाच वाजता मी, हातात काठी आणि शेजारी अबोल बायको, अशा थाटात चर्चच्या तळघरात उतरलो. मतदान आठला बंद होणार होते. अडीच तासांत लोकशाही आटोपेल, असा माझा हिशेब होता.

"सर, या ना!" निवडणूक अधिकारी म्हणून लव्हॉन बसली होती. पंचवीस वर्षांपूर्वी मी तिला नागरिकशास्त्रात जेमतेम पास केले होते. "मार्लिस, तुमचा कागद आणि सरांचा कागद, दोन्ही देते."

"त्याला यंत्र हवंय," मार्लिस म्हणाली. "मी थांबते. त्याचं झाल्यावर माझं." ती नेहमीच माझे मत आधी देते आणि स्वतःचे नंतर, पाहुण्याला आधी वाढावे तसे.

"यंत्र?" लव्हॉनचा आवाज एकदम वर्गातल्यासारखा लहान झाला. "ते... आहे. आहे ना, वेंडेल?"

वेंडेल ओसेन हा दुसरा अधिकारी. कायद्याने दोन अधिकारी दोन वेगळ्या पक्षांचे लागतात, आणि दोघांनी मिळून केल्याशिवाय कशालाही हात लावता येत नाही. वेंडेल ऐंशीचा, आणि लव्हॉनचे कोणतेही म्हणणे प्रथम नाकारून मग ऐकणारा. "आहे," तो म्हणाला. "पण आजवर कुणी मागितलं नाही."

यंत्र कोठीत होते, नाताळच्या देखाव्यामागे. आधी तीन उंट बाहेर आले, मग एक मेंढपाळ, मग एक गाढव. प्रत्येकाच्या लाकडी पायांचा आवाज फरशीवर घासत गेला. मागे रांग साचत होती आणि रांगेतला प्रत्येकजण "काही घाई नाही, सावकाश होऊ द्या" म्हणत होता. आमच्याकडे हे वाक्य ऐकले की घाई करावी.

सहा वाजता यंत्र भिंतीशी लागले, आणि कळले की त्या भिंतीत वीज मिळण्याची जागा एकच आहे. तिच्यात कॉफीचे साठ कपांचे भांडे जोडलेले होते.

लूथरन चर्चच्या तळघरात कॉफी बंद करणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही. पाद्री बदलला तर लोक चार दिवसांत विसरतात. लव्हॉनने तोडगा काढला, एकात दोन जोडायचे. वेंडेल म्हणाला फ्यूज उडेल. लव्हॉन म्हणाली उडणार नाही. फ्यूज उडाला. सगळे तळघर अंधारात बुडाले, असे मला इतरांच्या उद्गारांवरून कळले. माझ्या दृष्टीने परिस्थितीत काहीच फरक पडला नव्हता. त्या अर्ध्या तासात मी तिथला सर्वांत शांत मतदार होतो आणि दोघांना दारापर्यंत पोचवूनही आलो.

दिवे आले, कॉफीचे भांडे बंद केले गेले. रांगेतून कुणीतरी हळूच म्हणाले, "वेगळंच आहे." ऐकलेच नाही अशा ताठ मानेने मी ते ऐकले.

"सर, चालू झालं!" लव्हॉन म्हणाली. मी खुर्चीत बसलो. बोटांना चार बटणे लागली, प्रत्येकावर ठिपक्यांची लिपी. हिरवे चौकोनी बटण निवडीचे. सत्तावीस वर्षांनी माझ्या आणि माझ्या मताच्या मधे कुणी नव्हते.

यंत्र खाकरले आणि चर्चच्या घंटेइतक्या मोठ्याने बोलू लागले: "केटल लेक. पंचमंडळ प्रमुख. एक उमेदवार निवडा. रोझॅन पेल्टो. निवडण्यासाठी हिरवे बटण दाबा."

तळघर एकदम गप्प झाले. कागदांची सळसळ थांबली, पायांची चुळबुळ थांबली. बारा-चौदा माणसे श्वास रोखून माझ्या बोटाकडे पाहत होती. नजर मला दिसत नाही, पण तिचे वजन कळते. बोट हिरव्या बटणावर होते. दाबले असते तर यंत्राने आणखी मोठ्याने सांगितले असते, 'आपण निवडले आहे.' मी बोट चटका बसल्यासारखे मागे घेतले.

"डेलमार किटलसन," यंत्र पुढे गरजले. "निवडण्यासाठी हिरवे बटण दाबा." मी हात मांडीवर ठेवले. यंत्राने थोडी वाट पाहिली आणि पुन्हा विचारले. मागून हार्लन आपुलकीने म्हणाला, "दाब की, आयनार. हा डेलमारच आहे."

"हेडफोन कुठे आहे?" मी ओरडलो.

हेडफोन सीलबंद पिशवीत होता. सील दोघांच्या समक्ष तोडायचे, त्याचा क्रमांक नोंदवहीत लिहायचा, दोघांनी सह्या करायच्या. वेंडेलने क्रमांक वाचला, लव्हॉनने लिहिला, वेंडेल म्हणाला शेवटचा आकडा सहा नाही, आठ आहे. दोघांनी भिंगातून पाहिले. सात मिनिटे गेली. मग नोंदवहीत त्यासाठी रकानाच नाही असे निघाले. वेंडेल म्हणाला, रकाना नाही म्हणजे सील तोडता येत नाही.

"वेंडेल, उंटांसाठी कुठला रकाना होता रे?" मार्लिस इतक्या वेळात पहिल्यांदाच बोलली.

सील तुटले. सात वाजून पाच मिनिटांनी यंत्राचा आवाज माझ्या कानांत आला, एकट्या माझ्या. कसा सांगू? लहानपणी शिंपला कानाशी धरला की समुद्र केवळ आपल्याशीच बोलतो, तसे काहीसे. मी दोन्ही नावे पुन्हा पुन्हा ऐकली. मग दाबले. "आपण रोझॅन पेल्टो यांना निवडले आहे," यंत्र अदबीने म्हणाले. ते "आपण" एकट्या मला उद्देशून होते. कागद छापून बाहेर आला. मी तो हातात घेतला आणि पेटीकडे निघालो.

आणि मधेच थांबलो. कागद बोटांना चुकीचा वाटत होता. अरुंद, लांबट, गुळगुळीत.

"लव्हॉन, बाकीच्यांच्या मतपत्रिका अशाच असतात का?"

"नाही सर. त्या मोठ्या, जाड. ही यंत्राची, अरुंद."

"यंत्रावर आज आणखी किती जणांनी मत दिलं?"

"तुम्ही एकट्यांनीच."

"आणि मोजणी?"

"हाताने, आठनंतर. एकेक उचलून मोठ्याने वाचायचं. गावकरी असतात की समोर, बघायला..." तिचा आवाज विझत गेला. एवढे गणित तिला आता येत होते. "अगंबाई."

दोनशेच्या आत जाड मतपत्रिका आणि एक अरुंद चिठ्ठी. ती वाचली की माझ्या नावाची दवंडी पिटल्यासारखेच. कागद मी छातीशी घट्ट धरला. पेटीत टाकू शकत नव्हतो, परत देऊ शकत नव्हतो. साडेसात वाजले होते.

"आणखी कुणीतरी यंत्रावर मत द्यायला हवं," मी जाहीर केले. "म्हणजे माझं कोणतं ते कळणार नाही."

उत्तरादाखल फार सौजन्य मिळाले. कुणी आधीच मत दिले होते, कुणाचा चष्मा त्या यंत्राला चालणार नव्हता. हार्लन म्हणाला की कल्पना छान आहे, आणि दोन पावले मागे सरकला. गर्दी पातळ झाली. मी खांबाशी कागद कवटाळून उभा राहिलो. गावातल्या सर्वांत सुशिक्षित माणसाची अवस्था चोरलेला पाव लपवणाऱ्या लेकरासारखी झाली होती. तेवढ्यात जिन्यावर जड बूट वाजले.

"काय रे आयनार, चिठ्ठी काय धरून बसलायस? प्रेमपत्र आहे काय?"

डेलमार. तो दर वेळी शेवटी मत देतो. लवकर दिले तर हरतो, अशी त्याची श्रद्धा आहे. लव्हॉनने भाबडेपणाने त्याला सारे सांगितले. मी मनात तिचे पंचवीस वर्षांपूर्वीचे गुण आणखी कमी केले.

"एवढंच ना?" डेलमार म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "मी देतो यंत्रावर! मग दोन होतील, तुझं लपेल. आपल्या माणसासाठी एवढं करणार नाही काय?"

वाचकांनी क्षणभर हिशेब करावा. मी केला. दोन अरुंद चिठ्ठ्या. डेलमारची चिठ्ठी अर्थातच डेलमारला. उरलेली एक, पेल्टोला, आणि ती कुणाची हे सांगायला कुणी लागणार नव्हते. एका चिठ्ठीने निदान माझा बचाव करता आला असता, यंत्राने घोटाळा केला म्हणून. आता उमेदवार स्वतः शेजारी बसून माझा पुरावा तयार करणार होता, प्रेमापोटी.

"नको, डेलमार. तुला उशीर होईल."

"कसला उशीर!"

"ते यंत्र फार हळू बोलतं."

"मला सवय आहे, मी पंचमंडळात बसतो."

"पण तू का उगाच त्रास..."

"आयनार," तो गंभीरपणे म्हणाला, "त्रास कसला? तू कधी काही मागत नाहीस. आज मागितलंस."

आमच्या भागात मदत तीनदा नाकारायची असते आणि चौथ्यांदा घ्यायची असते. तीन नकार संपले होते. डेलमार खुर्चीत बसला, हेडफोन लावला, आणि हेडफोन लावलेली माणसे ओरडतात तसा ओरडू लागला. "आँ? काय म्हणाली? अरे, माझं नाव घे ना!... हां, घेतलं! ऐकलंत का, माझं नाव घेतलं!" त्याने बटण असे दाबले की टेबल हलले. सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे. त्याची चिठ्ठी पेटीत पडली. "झालं! टाक रे तुझी."

मी टाकली नाही. टाकायची कशी? न टाकावी, तर मतच गेले, आणि जानेवारीतली ती वीस मिनिटे, बर्फात ऐकलेले ते लांबचे जग, सगळे मुकाट गिळायचे. टाकावी, तर रविवारची ती खुर्ची रिकामी, आणि मार्लिस एका रिकाम्या खुर्चीसमोर बशा विसळत राहणार. घड्याळाचा काटा दर मिनिटाला कट् असा वाजतो, हे त्या तळघरात मला पहिल्यांदाच कळले.

"उठ, डेलमार," मार्लिस म्हणाली. "मला बसू दे."

"तुला कशाला? तुला तर चांगलं दिसतं."

"तुलाही दिसतं की. उठ."

तिने सावकाश सगळे ऐकून घेतले. बटणे दोन-तीनदा वाजली. मी तिच्या श्वासाकडे कान लावून होतो. सदतीस वर्षे ऐकलेल्या त्या श्वासातून काहीच उमगत नव्हते. बायकोचे मत आपल्याला कळू नये याचा अर्थ काय असतो, हे मला त्या पाच मिनिटांत समजले, आणि ते सुखाचे नव्हते. तिची चिठ्ठी छापली गेली. ती माझ्याजवळ आली. "चल," म्हणाली. दोघांनी एकामागून एक चिठ्ठ्या टाकल्या. जिन्याच्या वरून वेंडेलने दारात उभे राहून रस्त्याकडे तोंड करून पुकारा केला, "मतदान संपलं!" रस्त्यावर कुणीही नव्हते.

मोजणीला वीस-पंचवीस माणसे थांबली. मी निघून जायला हवे होते. पण फाशीच्या माणसाला दोरीची लांबी जाणून घ्यावीशी वाटते.

वेंडेल एकेक मतपत्रिका उचलून वाचायचा, लव्हॉन पडताळायची. जाड कागद उचलला की खडखड असा भरदार आवाज येई. "किटलसन. किटलसन. पेल्टो. किटलसन." डेलमार पुढे जात होता, अर्थात. मी ते ऐकत नव्हतो. मी सळसळ ऐकत होतो. आणि ती आली, पातळ, गुळगुळीत, कोरडे पान वाऱ्याने घासावे तशी. खोलीतली सगळी डोकी वर झाल्याचे मला जाणवले.

"किटलसन," वेंडेल म्हणाला.

डेलमार हसला. "ही माझी!" लोकही हसले.

वीसेक जाड कागद गेले. पुन्हा ती सळसळ. "किटलसन."

डेलमारचा हात माझ्या खांद्यावर पडला, उबदार आणि वजनदार. "बघ! उगाच घाबरत होतास."

मी खुर्चीची कड धरली. ही मार्लिसची होती. म्हणजे उरली ती एकच. आता जाड कागद संपूच नयेत असे वाटत होते. खडखड, खडखड, खडखड. सळसळ.

वेंडेलने वाचायला वेळ घेतला. त्यालाही गणित येत होते. "पेल्टो," तो म्हणाला, आणि कधी नव्हे तो लव्हॉनकडे मदतीसाठी वळल्यासारखा थांबला.

माझ्या खांद्यावरचा हात तसाच राहिला, फक्त त्याचे वजन बदलले.

एकशे बारा विरुद्ध एकोणसाठ. डेलमार जिंकला. लोक त्याच्याशी हात मिळवत होते, पण तो ते कुणा दुसऱ्याच्या हातांनी घेतल्यासारखे घेत होता. ते संपल्यावर खालच्या आवाजात म्हणाला, "अरुंद तीनच होत्या. एक माझी. दुसरी... आयनार?"

"माझी," मार्लिस म्हणाली. "पेल्टोची ती माझी."

मी तिच्याकडे तोंड वळवले. डेलमार तिच्याकडे वळला. "तू? मार्लिस, तू?"

"मी. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी तू चार महिने बर्फ साठवतोस. आयनार तिथे वीस मिनिटं पडून होता. मी घरी बटाटे सोलत होते, मला कळलंही नाही. तू मला सांगितलंस, 'पडला होता, उचलला.' जसं काही पोतं पडलं होतं."

"मी त्याला सोडतो ना गाडीतून! कधी नाही म्हटलंय?"

"त्याला चालायचंय, डेलमार."

मग डेलमार, अठरा वर्षांत माझ्यासमोर कधीही न वापरलेल्या आवाजात म्हणाला, "आधी बोलायचंस ना, मार्लिस. उद्या काढतो. गाडी आधी फुटपाथवरून फिरवायला सांगतो. हे एवढं सांगायला माझ्याविरुद्ध मत द्यावं लागलं तुला?"

इथे शहाण्या माणसाने गप्प बसावे. गुपित शाबूत होते, बांध हलणार होता, जे हवे ते सगळे मिळाले होते. पण माझ्या आत काहीतरी तडकले. संध्याकाळपासून ज्या एका मतासाठी उंट हलले, फ्यूज उडाला, कॉफी थंड झाली, ते माझ्या हाताने दिलेले पहिले मत आता माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत, पुन्हा बायकोच्या नावावर चढत होते.

"ते मत माझं होतं," मी म्हणालो.

"आयनार," डेलमार हळुवारपणे म्हणाला.

"माझं होतं! मी दिलं. स्वतःच्या बोटाने. रोझॅन पेल्टोला. पुन्हा पुन्हा ऐकून, विचार करून!"

"राहू दे रे. बायकोला पाठीशी घालतोयस, चांगलं आहे. नवऱ्यानं घालावं. पण तू? माझ्याविरुद्ध?" तो खरोखर हसला, आणि त्या हसण्यात मायाच होती. "तू कशाला देशील?"

"ती बर्फात पडली नव्हती, मी पडलो होतो!"

"सर," लव्हॉन कासावीस होऊन म्हणाली, "आपलं मत कुणाला ते इथे सांगायची सक्ती नाही."

"सक्ती नाही, मी हौसेने सांगतोय!"

"सांगायचं तर बाहेर जाऊन सांगावं," वेंडेल म्हणाला. "मतदानकेंद्रात चालत नाही."

"बरोबर आहे," लव्हॉन म्हणाली. त्या दोघांचे एकमत झाल्याची ती पहिली आणि, माझ्या माहितीप्रमाणे, आजवरची शेवटची वेळ.

हार्लनने जाता जाता माझा हात दाबला. "मोठ्या मनाचा आहेस, आयनार," तो म्हणाला. "पण आम्हाला कळतं रे."

आम्ही जिना चढलो. वरच्या पायऱ्या गोठल्या होत्या. मार्लिसचा गुडघा दुखरा, म्हणून तिने माझा दंड धरला होता आणि मी काठीने एकेक पायरी चाचपून तिला सांगत होतो. बाहेर हवा इतकी थंड होती की नाकातले केस ताठ झाले.

"कशाला म्हणालीस तुझं म्हणून?" मी विचारले.

"तुझं ऐकलं असतं त्यानं?"

पुढच्या पायरीवर बर्फ होता, तो सांगितला.

"मी खरं बोललो," थोड्या वेळाने मी म्हणालो. "सगळ्यांसमोर. आणि एकानेही विश्वास ठेवला नाही."

मार्लिसने दंडावरची पकड घट्ट केली. "मग गुप्तच राहिलं की," ती म्हणाली, आणि या खेपेला तिची कुजबुज फक्त माझ्यापुरतीच होती.